बिल्ल्यांचा आठवडा

सोमवार, ९ फेब्रुवारी

प्रिय ठमाबाईंस,

खूप खूप आशीर्वाद. मी मजेत. पहिलीचा वर्ग नेहमीसारखाच, डोक्यावर बसलेला.

तुझं पत्र आलं. बाळाचा श्वास आता सुधारलाय, 'ताई, ये आणि त्याला मांडीवर घे' म्हणतेस. वाचून स्वयंपाकघरात एकटीच हसत बसले गं! किती वाट बघितली याची.

बाळ अपुऱ्या दिवसांचं, फुप्फुसं नाजूक, म्हणून तू मला दारातूनच परत पाठवलंस. 'तू अख्ख्या वर्गाचा खोकला घेऊन येतेस' म्हणे! बसमध्ये तुला मनातल्या मनात काय काय बोलले, ते न लिहिलेलंच बरं.

तर गंमत ऐक. सर्दी-खोकला मुलांमध्ये कसा पसरतो ते शोधणाऱ्या एक डॉक्टरीणबाई शाळेत आल्या होत्या. त्यांनी आठवडाभर प्रत्येक पोराच्या गळ्यात बिल्ला अडकवला, माझ्याही. कोण कोणाच्या हातभर अंतरावर आलं, किती वेळ थांबलं, ते बिल्ला आपोआप टिपतो. पण खेळाच्या तासाला हरवू नयेत म्हणून पोरांनी सगळे बिल्ले काढून माझ्याच गळ्यात घातले! दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई हबकल्या. "अहो, काल अख्खा वर्ग कवटाळून बसला होतात की काय?"

हसून हसून पुरेवाट झाली. मग खेळाचा तास वगळून त्यांनी पुन्हा मोजलं, तरी सगळ्यांत जास्त पोरं माझ्याच जवळ आलेली. नाक पुसून घ्यायला, बूट बांधून घ्यायला, कानात चहाड्या सांगायला. "मस्तीखोर पोरं राहिली बाजूला," त्या म्हणाल्या, "खोकला आधी तुमच्याकडे येणार आणि तुमच्याकडूनच पुढे जाणार."

तुझे भाऊजी गेल्यापासून मी म्हणते ना, आता माझ्या जवळ कोणी येत नाही? साफ खोटं निघालं. मी वर्गातच रडले, पोरांसमोर. ती मेली कार्टी आणखीच जवळ आली.

आणि तुझंही खरं निघालं. सख्ख्या बहिणीचीसुद्धा भीड धरली नाहीस, म्हणून बाळ सुखरूप आहे. ठमे, तुझे फार उपकार आहेत माझ्यावर. माझ्यामुळे त्याला काही झालं असतं, तर मी कशी जगले असते?

आता रागावू नकोस. मी येत नाहीये. निम्मा वर्ग खोकतोय. सुट्टी लागली की आधी थोडे दिवस घरातच बसेन, खोकला नाही ना ते बघेन, मग येईन. तोवर तू कितीही बोलावलंस, रडलीस, तरी मी यायची नाही. रडून झालंय माझं.

अजून एकदाही हात न लावलेल्या बाळाची,
मावशी