दादाची शपथ

पांढुर्णा, २० नोव्हेंबर २०२३

चि. मनकर्णा हीस चिंधूदादाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोनवर तुझं बोलणं कळत नाही, कानात नुसती भणभण होते, म्हणून कागद घेतला. भाऊबीजेला तुझी करंजी ताटात ठेवून आलो, तर तू नाक फुगवलंस. काय करू? तुला निघाली तशी मलाही तपासणीत साखर निघाली.

डॉक्टरने सकाळी गोळी आणि चालणं सांगितलं. गोळी घेऊन उपाशीपोटीच नदीकडे निघतो. परवा चालून राहिलो होतो, तर हातपाय लटलट कापायला लागले. डोळ्यांपुढे अंधारी, दरदरून घाम. वाटलं, चिंधू आता खांद्यावरच घरी जातो. कसाबसा आलो, भाकर खाल्ली, तेव्हा जीव थाऱ्यावर आला. डॉक्टरला सांगितलं नाही. सांगितलं तर सुई लावेल.

पण एक गोष्ट समजली. घाम पुसलेला दुपट्टा ओट्यावर टाकला होता, त्याला मुंग्या लागल्या. म्हणजे साखर घामावाटे निघून राहिली. तेव्हा कापरं भरलं तर तू घाबरू नको, बसू नको, निघू दे. काही झालं तरी गोड तोंडात घालू नको. संत्र्याच्या बगिच्यात राहतेस आणि तुझा हात आवरत नाही, म्हणून माझी शपथ घालतो.

माया आहेच, ती पातळ करू नको.

तुझा दादा
चिंधू


बोरगाव, २७ नोव्हेंबर

ती. दादास मनकर्णाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र सुचिताने वाचलं आणि हसली. सून असून हसते, काय बोलावं? ती म्हणे, मामाजींना म्हणा, मुंग्यांना नाही, डॉक्टरला विचारा. मी म्हटलं, माझा दादा चौथी शिकला आहे, माझ्यापेक्षा दोन वर्गांनी जास्त.

मलाही परवा तसंच झालं. तुझं आठवलं, बसले नाही. घाम आला. साखर निघाली असेल.

येत्या शनिवारी बायांसोबत जामसांवलीच्या मारुतीला पायी जाऊन राहिले. तुझ्या साखरेसाठी त्याला बोलले आहे, निरंकार उपास करीन म्हणून. पाणीही नाही. गोळी मात्र तेवढ्या घोटावर घेईन, डॉक्टरने चुकवू नको म्हटलं आहे.

संत्रं खात नाही. झाडं लदलद भरली आहेत आणि मी तोंड बांधून फिरते. पुढच्या भाऊबीजेला ये आणि शपथ सुटली म्हण, मग तुझ्यासमोर बसून खाईन.

लहान बहिणीवर जीव असू दे.

तुझी
मनकर्णा


बोरगाव, ५ डिसेंबर

ती. मामाजींना सुचिताचा सा. न. वि. वि.

राजूच्या बाबांनी फोन केला होता, पण तुम्हाला नीट कळलं नसेल, म्हणून लिहिते. शनिवारी वाटेत आईंना कापरं भरलं. सोबतच्या बायांनी बगिच्यातलं संत्रं सोलून फोड ओठाला लावली. आईंनी तोंड फिरवलं. दादाची शपथ आहे, साखर निघून राहिली, एवढं म्हणाल्या आणि चालायला लागल्या. थोडं पुढे जाऊन पडल्या. दवाखान्यात पोहोचेपर्यंत फार वेळ गेला.

साखर चढली नव्हती, मामाजी. पार उतरली होती. उपाशीपोटी गोळी आणि वरून चालणं. डॉक्टर म्हणाले, तेव्हा दोन फोडी पोटात गेल्या असत्या तरी निभावलं असतं.

घरी आणलं आहे. नळीने दूध देतो. डोळे उघडे असतात, ओळख नाही. आशा धरू नका, असं सांगितलं आहे.

तुम्हालाही तसंच होतं, तुमच्या पत्रात वाचलं होतं. उपाशी चालू नका. खिशात गूळ ठेवा. एवढं माझं ऐका.

आपली
सुचिता


पांढुर्णा, ११ डिसेंबर

चि. मनकर्णा हीस अ. आ.

काल तुझ्याजवळ दिवसभर बसलो. घरात माणसं होती. म्हणून हे लिहून राहिलो. सुचिता तुझ्या कानाशी वाचेल.

सुचिताने माझ्या खिशात गुळाचा खडा घातला. तो खिशातच आहे. तोंडात जात नाही.

भाऊबीजेची वाट पाहू नको. सुटली म्हणतो. माझी शपथ सुटली, मनकर्णा. खाय.

सुचिता चुलीकडे गेली तेव्हा मी संत्र्याची एक फोड तुझ्या ओठावर पिळली होती. तू तोंड फिरवलं नाहीस. रस गालावरून उशीवर गेला. थोड्या वेळाने तिथे मुंग्या आल्या. निघायची गाडी येईपर्यंत मी त्या झाडत होतो.

तुझा
दादा