मांजरपाटाचं अस्तर

ता. ९ नोव्हेंबर, रविवार सकाळ

प्रिय ताईस,

दोन्ही हात जोडून नमस्कार. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. थंडी पडल्यापासून हिचे गुडघे पुन्हा कुरकुरायला लागलेत, पण तोंड शाबूत आहे, म्हणजे काळजीचं कारण नाही. डोळ्याच्या ऑपरेशननंतर तुला सुईत दोरा ओवता येतो का, ते कळव. डॉक्टरांनी शिवण बंद सांगितलं असलं तरी तू मशीन झाकून ठेवलं असशील यावर माझा विश्वास नाही.

गावच्या शाळेत गुरुजींनी पत्राची रीत शिकवली होती, आधी खुशाली आणि मग कारण. रीत पाळली. आता कारण.

भाऊजींची वाईन चांगली निघाली.

हे वाक्य पुन्हा एकदा वाच, घोटभर पाणी पी, मग पुढे वाच. तू फोनवर म्हणाली होतीस, "काय व्हायचं ते होऊ दे, मला मात्र कळवू नकोस." मी बरं म्हणालो होतो. वाईट निघाली असती तर शब्द पाळलाही असता. चांगली निघाल्यावर गप्प बसणं माझ्याच्याने होणार नाही. आणि हे पत्र भाचीकडून वाचून घेऊ नकोस. चष्मा लावून तूच वाच. का, ते पुढे येईल.

त्या बाटल्या इतकी वर्षं तळघराच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यात आडव्या पडून होत्या. भाऊजींच्या हातची शेवटच्या वर्षाची ती वाईन. थोरल्या मालकांनी पहिला घोट घेतला, "तोंड सोलून निघालं" म्हणाले, आणि ती विकायला काढलीच नाही. भाऊजींना मास्तर म्हणणाऱ्या तळघरातल्या माणसांनी तिला 'मास्तरांचा काढा' असं नाव ठेवलं. भाऊजींच्या कानावर ते गेलं होतं. ते हसले होते, पण ते हसणं मला बघवलं नव्हतं. नंतर काही महिन्यांत ते गेले. आजारपणात मास्तरांचं नाक गेलं आणि जाता जाता एक अख्खं पीक वाया घालवलं, असंच सगळे धरून चालले.

थोरले मालकही आता नाहीत. कारभार त्यांच्या मुलीकडे आहे. गेल्या महिन्यात ती तळघरात आली आणि म्हणाली, "काका, हा कोपरा मला रिकामा हवाय. मास्तरांची वाईन एकदा उघडून बघू. बरी असेल तर मानाने बाहेर काढू, नसेल तर ओतून टाकू." तळघर आता माझ्या ताब्यात आहे, पण ओतून टाकू म्हटल्यावर नाही कुठल्या तोंडाने म्हणायचं? तेव्हाच तुला फोन केला होता.

परवा शुक्रवारी दोन पाहुणे आले. दोघांचं कामच वाईन चाखून मत देण्याचं. एक चष्मेवाल्या बाई, बोलायला मोकळ्या. दुसरे गृहस्थ असे, की आयुष्यात त्यांना कोणी चांगली वाईन पाजलीच नसावी असा चेहरा. मी सकाळी नेहमीपेक्षा जास्त वेळ देवापुढे बसलो. स्वतःसाठी मागायची मला सवय नाही. तुझ्यासाठी मागितलं.

बाटल्या आदल्या दिवशीच उभ्या करून ठेवल्या होत्या, गाळ तळाशी बसावा म्हणून. पहिलीचं बूच अलगद निघालं. मी नाकाशी धरलं. ओल्या पुठ्ठ्याचा वास. पेल्यातही तोच. त्या गृहस्थांनी पेला खाली ठेवला. "संपलं," म्हणाले. एवढंच.

मालकीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "हा बुचाचा दोष आहे, वाईनचा नाही. दुसरी उघडतो."

"मलाही तसंच वाटतंय," चष्मेवाल्या बाई म्हणाल्या. "घाई कशाची? या आमच्या साहेबांना जेवायला अजून अवकाश आहे."

दुसरी उघडताना बूच मधेच तुटलं. उरलेला तुकडा काढेपर्यंत घाम फुटला मला, त्या गार तळघरात. मग बाटलीच्या मानेमागे मेणबत्ती धरून सावकाश काचेच्या सुरईत ओतत गेलो, आणि गाळाचा पहिला काळा धागा मानेशी येताच हात थांबवला. हे भाऊजींनी शिकवलेलं. ते म्हणायचे, "शेवटच्या घोटाचा लोभ धरलास की सगळी गढूळ."

रंग मधोमध अजून गडद होता, कडेला मात्र विटकरी झालेला. वास पहिल्यांदा काहीच येईना. बाई म्हणाल्या, "बंद आहे. बऱ्याच दिवसांनी कपाट उघडावं तसं." गृहस्थ म्हणाले, "फळाचा वास उडून गेलाय. उरलंय ते लाकूड."

"थांबा की जरा," बाई म्हणाल्या. "तुम्हाला झोपेतून उठवलं तर तुम्ही लगेच बोलता का?"

थांबलो. आणि ताई, ती हळूहळू उठली. आधी सुकवलेल्या आलुबुखाराचा वास आला. मग तंबाखूच्या पानाचा, जुन्या चामड्याचा, आणि खाली पाचोळ्याखालच्या ओलसर मातीचा. दर थोड्या वेळाने पेला हलवावा आणि आत काहीतरी नवीन असावं. गृहस्थांनी बाजूला ठेवलेला पेला पुन्हा उचलला. मी सुरई त्यांच्याकडे सरकवली.

तुला खोटं लिहिणार नाही. त्यांनी नावंही ठेवली. मधे ती थोडी बारीक आहे, पोट आत गेलेल्या माणसासारखी. शेवटी जिभेवर कडवट रेघ राहते, ती सगळ्यांना आवडणार नाही. अजून फार वर्षं ठेवण्यात अर्थ नाही, आता प्यायला हवी. हे सगळं खरंच आहे, मलाही तसंच लागलं. पण आंबटपणा अजून पाठीचा कणा ताठ ठेवून बसलाय, आणि घोट गेल्यावरही चव बराच वेळ तोंडात रेंगाळते. मी गिळत नाही, तुला ठाऊक आहे. देवापुढे एकदा ठरवलं ते ठरवलं. परवा मात्र थुंकताना जिवावर आलं. थोडी चुकून घशाखाली गेली असेल तर देव समजून घेईल.

मग मालकीणबाईंनी विचारलं, "पण बाबा म्हणायचे तोंड सोलून निघतं. तो तुरटपणा गेला कुठे?"

गृहस्थच बोलले. "गेला नाही. मऊ झालाय. पुष्कळदा धुतलेलं सुती कापड असतं ना, तसा. तुमच्या वडिलांना तेव्हा नवं कोरं कापड लागलं असणार. पण तो नसता तर ही वाईन कधीच मेली असती. ज्याने हे एवढं तुरट पिंप यात मिसळलं त्याला पुढचं दिसत होतं."

मी सुरई पुसायचं निमित्त करून भिंतीकडे तोंड केलं.

का केलं, ते आता सांगतो. इतकी वर्षं सांगितलं नाही, कारण तू आणि भाऊजींनी ज्यावर पांघरूण घातलं होतं ते मी ओढणं बरं दिसलं नसतं.

त्या वर्षी कोणतं पिंप कशात मिसळायचं ते ठरवायला भाऊजी प्रत्येक पिंपातला नमुना लहान बाटल्यांत भरून घरी न्यायचे. म्हणायचे, "इथे पिंपांचा वास नाकात बसतो. घरी शांतपणे चाखतो." सकाळी रिकाम्या बाटल्या परत आणायचे आणि मी त्या फळीवर लावायचो. एकदा सहज एक नाकाशी धरली, तर साबणाचा वास. तुझ्या मोरीतल्या लिंबाच्या साबणाचा.

या धंद्यात नमुन्याची बाटली साबणाने कोणी धुत नाही. नुसतं गरम पाणी. साबणाचा वास काचेत राहतो आणि पुढच्या नमुन्याची वाट लावतो. मी नवा असताना एकदा साबण लावला, तर भाऊजी सगळ्यांसमोर म्हणाले होते, "अरे मेव्हण्या, वाईनला अंघोळ घालतोस का?" तोच माणूस साबणाने घमघमणाऱ्या बाटल्या स्वतःच्या हाताने माझ्याकडे देत होता, आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. तेव्हा कळलं, औषधांनी त्यांचं नाक नेलंय.

दुसरी गोष्ट कळायला थोडे दिवस गेले. त्यांचं बोलणं बदललं. जन्मभर धंद्याच्या भाषेत बोलणारा माणूस एकदम कापडाच्या भाषेत बोलायला लागला. खालच्या मळ्याचं पिंप म्हणजे मलमल, अंगाला छान पण टिकायची नाही. उताराच्या मळ्याचं पिंप म्हणजे कोरं मांजरपाट, अजून खळ आहे, टोचणारच. एके सकाळी मला म्हणाले, "मलमलीला मांजरपाटाचं अस्तर लावू या. आज टोचेल, पण खळ निघाली की जन्माचं काम होईल." भाऊजींना साधं शर्टाचं बटण लावता येत नव्हतं, ताई. अस्तर आणि खळ हे शब्द त्यांच्या तोंडी कुठून येणार? मला शाळेची चड्डी शिवून देताना तू हेच म्हणायचीस, "आज टोचेल, धुतल्यावर मऊ होईल."

तू चाखत होतीस. ज्या बाईने सणासमारंभातसुद्धा कधी पेला हातात धरला नाही, ती रोज संध्याकाळी नवऱ्यासाठी एकेक घोट जिभेवर घेऊन, मोरीत थुंकून, त्यांना सांगत होती. आणि मग बाटल्या चकचकीत धुऊन ठेवत होतीस, कारण खरकटं भांडं तसंच परत पाठवणं तुझ्या स्वभावात नाही.

मी काय केलं? काही नाही. रोज सकाळी त्या बाटल्या गरम पाण्याने पुन्हा धुतल्या, वास जाईपर्यंत. भाऊजींना कळू दिलं नाही, तुलाही नाही.

ते गेल्यावर तू एकदा चुलीपाशी बसून म्हणालीस, "मला कशातलं काय कळतं? उगाच तोंड घातलं." तुला वाटलं, मला अर्थ लागला नाही. लागला होता. पण धीर द्यायला माझ्याकडे काय होतं? वाईन कोपऱ्यात पडलेली, तोंड सोलणारी. ती चुकीचीच असेल अशी भीती मलाही होती. साबणाचा एखादा वास माझ्या हातून राहून गेला असेल आणि त्यानेच तुझी जीभ फसली असेल, असंही कितीदा मनात आलं. त्या कोपऱ्यावरून जाताना मी दर वेळी दुसरीकडे बघायचो.

परवा सगळे गेल्यावर मी तिथे जाऊन उभा राहिलो आणि नीट पाहिलं. बाटल्याच त्या. धुळीने माखलेल्या. इतकं हलकं मला कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं. तुझं अस्तर टिकलं, ताई. खळ निघाली.

आता एक विचारायचं आहे. मालकीणबाई या वाईनला वेगळं लेबल लावणार आहेत. मला म्हणाल्या, "काका, मिश्रण कोणाचं लिहू? मास्तरांचंच ना?"

मी म्हणालो, "मास्तरांचं तर आहेच. त्याच्या पुढे आणखी काही लिहायचं का, ते घरी विचारून सांगतो."

"घरी कोणाला?"

"आमच्या ताईला."

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. शहाणी मुलगी आहे. तेव्हा तू ठरव. नको म्हणालीस तर हे पत्र आपल्या दोघांत राहील. पण माझं मत विचारशील तर, भाऊजी असते तर त्यांनी आधी तुझं नाव सांगितलं असतं आणि मग तुला विचारलं असतं.

सोबत एक बाटली पाठवतोय, गवतात गुंडाळून. आल्यावर दोन दिवस उभी ठेव. प्यायचं मनात नसेल तर नुसती पेल्यात ओत आणि थोडा वेळ समोर बसून राहा. ती आपोआप बोलायला लागते.

पेला मात्र साबणाने धुऊ नकोस.

तुझा,
बाटल्या दुसऱ्यांदा धुणारा धाकटा