शवासनाला आलेलं पावणं

मढ, मंगळवार

साळुआक्का,

धाकट्या रत्नाचा नमस्कार. तुजं गुडघं काय म्हनत्यात? दाजींचा खोकला बसला का? इकडं समदं बरं हाये असं लिवायची रीत, म्हनून लिवलं. (फोन केला असता, पर आमच्याकडं फोन स्पीकरवर टाकून साऱ्या घरानं ऐकायचा कायदा हाये.)

तर गावात बायांसाठी योगाचं शिबिर लागलं. शिबिराच्या बाईंनी बोट टोचून रक्त तपासलं आन् म्हनल्या, रक्त लई कमी हाये, ते चढल्याबिगर डॉक्टर पिशवीचं आपरेशन करनार न्हाईत. दर म्हैन्याला माजी काय दशा व्हती ते तुला ठाव हाये. उपाय काय, तर नाचणीचं लाडू, पालेभाजी, गडीमानसांबरूबर ताटावर बसायचं आन् दुपारी शवासन. (थांब, दूध वतू चाललं. आले.) बाकीची आसनं लुगड्यातबी जमली, भात लावनारीला वाकायला काय शिकवायचं? पर उताणं पडून काईच करायचं न्हाई, हे कुनालाच जमंना. मला तर डोळं मिटलं की शेरडं सुटल्याली दिसत्यात.

काल पडवीत सराव करत व्हते. आंग ढिलं, तळवं वर. सासूबाई पानी घिऊन आल्या. सून दिसाढवळ्या आडवी झाल्याली त्यांनी बाळंतपनाबिगर कदी पायली न्हाई. कळशी टाकली आन् बोंब ठोकली. मीबी हट्टी, सांगितल्याबिगर डोळं उघडायचं न्हाई असं बाई म्हनल्याल्या, म्हनून उघडलं न्हाई. तवर कुनी कांदा फोडून हुंगवला, जानकूभाऊजींनी तर पायातली चप्पल काढून नाकाला लावली. मंग उठले. पर सारी आळी गोळा झाल्याली. आजाऱ्याला बघाय आलेलं मानूस कोरडं कसं धाडायचं? सासूबाई म्हनल्या, रत्ने, उठलीच हायेस तर च्या टाक. टाकला. च्यासंगं काय, तर माजं लाडू. माज्या तब्येतीची काळजी करत करत लोकांनी डबा रिकामा केला. जाताना गोरखमामा म्हनलं, सूनबाई, जरा खान्यापिन्याकडं ध्यान दे. मला असा राग आला म्हनतीस, रडूच आलं. पर च्याची भांडी घासायची व्हती.

तुजी,
रत्ना

ता.क. खरं काम आसं हाये. तू आजारी पड. खोटंखोटं. दाजींना फोन करायला लाव, साळूनं हातरून धरलंय, रत्नाला म्हैनाभर धाडा. तुज्या घरी मी खाईन आन् पडून राहीन. चुलीपाशी तू.

ता.क. दुसरा. हे लिवताना सासूबाई शेजारी यिऊन बसल्या. म्हनलं, आक्का आजारी हाये, जावं लागंल. मंग म्हनल्या, शिबिराच्या पयल्या दिशी मीबी बोट टोचून मागारी आले, माजं रक्त तुज्यापरीस कमी निगालं, घरात बोलले न्हाई. हयातीत गरम भाकर कदी खाल्ली न्हाई बग. तुज्या आक्काला लिव, मीबी येते. तवा आक्का, दोघींना यावं लागंल एवढी आजारी पड.