बिट्टीच्या स्थळाविषयी

१७ मार्च

प्रिय ताई,

तुला साष्टांग नमस्कार, आणि भाऊजींच्या नव्या गुडघ्यालाही. जिना चढायला लागले हे वाचून बरं वाटलं. आमच्याकडे सगळं ठीक आहे. ही मजेत आहे, सारखी तुझी आठवण काढते. मी दुपारपर्यंतच ऑफिसात बसतो हल्ली. का, ते पुढे लिहितो.

तुझं पत्र परवा मिळालं. मी फोन न करता पत्रच लिहितोय, कारण फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस.

तू विचारलंस, "घरं विकणाऱ्या एजंटाला महिन्याला सुटतात तरी किती? खरं खरं सांग. दलालाच्या घरात मी मुलगी देणार नाही." ताई, हे लिहिताना आपला भाऊ बावीस वर्षं तोच धंदा करतो हे विसरलीस वाटतं! रागावलो नाही. मी आणि ही खूप हसलो. पण प्रश्न रास्त आहे, तेव्हा सरळ उत्तर देतो.

महिन्याला असं काही सुटतच नाही. पगार नसतो. घर विकलं गेलं तर किमतीच्या शंभरातले दोन मिळतात, कधी घासाघीस होऊन दीडच. त्यातले निम्मे ज्याच्या नावाने ऑफिस आहे त्याचे. उरलेल्यात पेट्रोल, फोन, जाहिराती आणि गिऱ्हाइकांचे चहा. तेही कागद नोंदवले गेल्यावर. त्याआधी कितीही चपला झिजवा, हातात काही नाही. भाड्याचं घर लावून दिलं तर एका महिन्याचं भाडं मिळतं, त्यावर किराणा निघतो. गेल्या वर्षी माझे सहा सौदे झाले. सलग चार महिने एकही नाही. एका सौद्यात मात्र इतके आले की हिने गॅसच्या शेगडीपासून पडद्यांपर्यंत सगळं बदललं. वर्षाची बेरीज करून बाराने भागलीस, तर भाऊजींना शाळेत शेवटी जो पगार होता त्याच्या पाऊणपट भरेल. मी नवीन गाडीतून आलो की तुझ्या शेजारणीला वाटतं, स्वारी गडगंज आहे. गाडी हप्त्यावर आहे, ताई. जुन्या गाडीतून घर दाखवायला गेलं की गिऱ्हाईक भाव पाडून मागतं.

आणि तो मुलगा? त्याला या धंद्यात सहाच वर्षं झाली. तो माझ्या निम्मं कमावत असेल, एखाद्या वर्षी त्याहून थोडं जास्त. बिट्टीचा पगार त्याच्यापेक्षा चांगला आणि दर महिन्याच्या महिन्याला येणारा. हे तुला आवडणार नाही, पण खरं सांग म्हणालीस म्हणून सांगितलं.

आता तुझी दुसरी तक्रार. "कुठे भेटला, कसा भेटला, विचारलं की मुलगी तोंडाला कुलूप लावते. लपवण्यासारखंच काहीतरी असणार." गेले तीन आठवडे तू तिच्याशी बोलत नाहीस, असं ही म्हणाली. बिट्टीने स्वतः चकार शब्द काढलेला नाही.

ताई, ते कुलूप मी लावलंय.

ऑक्टोबरात एका नव्या इमारतीत चौथ्या मजल्यावर घर दाखवायला गेलो होतो. लिफ्ट अजून बसली नव्हती. नवराबायको दोघं, घर पसंत, इसार दिलेला. फक्त ओटा किती लांब आहे ते मोजायला आली होती. मी टेप धरून उभा होतो आणि एकदम अंगाला दरदरून घाम फुटला. डावा हात जड झाला. मी ओट्याखाली फरशीवरच बसलो. त्या बाई म्हणाल्या, "चढून आलेत ना, दम लागला असेल." मीही तेच म्हणत होतो.

समोरच्या घरात हा पोरगा त्याचं गिऱ्हाईक घेऊन आला होता. बाजारात त्याला सगळे किल्ल्या म्हणतात, कारण खिशात कायम किल्ल्यांचा जुडगा खुळखुळत असतो. माझी त्याची ओळख नमस्कारापुरती. आवाज ऐकून तो दारात आला, माझा चेहरा बघितला आणि म्हणाला, "काका, एक शब्द बोलू नका." माझ्या शर्टाची बटणं काढली. त्याचं गिऱ्हाईक म्हणालं, "अहो, आम्हाला गच्ची दाखवताय ना?" त्यावर तो म्हणाला, "गच्ची कुठे जात नाही, साहेब." खाली रंगारी काम करत होता, त्याला हाक मारली, आणि दोघांनी मला खुर्चीवर बसवून चार जिने उतरवलं. ताई, माझं वजन तुला माहीत आहे.

डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर कठीण होतं. रक्तवाहिनीत दोन जाळ्या बसवल्यात. आता मी बरा आहे. रोज चालतो, मीठ कमी, जिने बंद. हे वाचून घाबरू नकोस. पाणी पी आणि मग पुढे वाच.

त्या पोराने माझ्या फोनवरून हिला आणि बिट्टीला बोलावलं. बिट्टी ऑफिसातून तशीच आली आणि आठ दिवस तिच्या इथल्या खोलीवर गेली नाही. तेव्हा भाऊजींचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. तुला कळलं असतं तर तू त्यांना तसंच टाकून धावत आली असतीस आणि तिकडे त्यांचे हाल झाले असते. म्हणून शुद्धीवर आल्याबरोबर मी पोरीला माझ्या गळ्याची शपथ घातली, आईला यातलं अक्षर सांगायचं नाही. मग भाऊजी बरे झाले, दिवाणखान्यात फिरू लागले, तरी मला सांगायचा धीर होईना. आज सांगू, उद्या सांगू, असं करत मार्च आला.

तो सौदा माझा वर्षातला सगळ्यात मोठा होता. घेणारे घाईत होते, आठवड्यात कागद झाले नाहीत तर दुसरीकडे जाणार. किल्ल्या दवाखान्यात येऊन म्हणाला, "काका, कुठे अडलंय तेवढं सांगा." बँक, नोंदणी, मुद्रांकाची पावती, सगळीकडे तो धावला. दलालीचा चेक माझ्या नावाने आणून हिच्या हातात दिला. मी म्हटलं, "निम्मे तुझे."

"निम्मे कसले? घेणारे तुमचे, विकणारे तुमचे. मी नुसता फिरलो."

हिने गुपचूप त्याच्या बॅगेत पाकीट सरकवलं. दुसऱ्या दिवशी परत घेऊन आला. पेट्रोलचे तेवढे घेतले, पंपाच्या पावत्या दाखवून! नंतर कळलं, त्याच्या गच्चीवाल्या गिऱ्हाइकाने दुसऱ्याकडून घर घेतलं. त्या महिन्यात त्याच्या हाती काहीच आलं नव्हतं.

तर कुठे भेटला? दवाखान्यातल्या चहाच्या यंत्रापाशी, तुझा भाऊ आत पडलेला असताना. बिट्टीने तुझा राग सोसला, तुझा अबोला सोसला, पण शपथ मोडली नाही. काल मी तिला म्हटलं, "अगं, सांगून टाकायचंस." तर म्हणाली, "मामा, तुम्हीच सांगायला हवं. तुमच्याकडून कळलं तर आई कमी घाबरेल." तुझी मुलगी आहे, ताई. म्हणून आजच लिहायला बसलो.

मला वाट्टेल तेवढं रागाव, मी ऐकून घेईन. पण आधी तिला फोन कर. रविवारी आम्ही चौघं तुमच्याकडे यायचं म्हणतोय. गाडी तो चालवेल. कमाई विचारायची असेल तर त्यालाच विचार, तो आकडा फुगवून सांगणार नाही. मुलगी द्यायची की नाही हे तू आणि भाऊजी ठरवा. मी शब्द टाकत नाही. फक्त जे झालं ते तुला माहीत असावं.

बाकी भेटीत. भाऊजींना नमस्कार.

त्या पोरामुळे अजून तुला पत्र लिहू शकणारा,
तुझा पिट्या