दहा मिनिटं पुढचं घड्याळ

माझ्या लाडक्या आई,

गेलेल्या माणसाला पत्र कसलं लिहितेस, म्हणशील. पण काल कॅप्टन म्हणून थंडीतली माझी पहिली फेरी झाली, पार डोंगरातल्या विमानतळावर. उतरल्या उतरल्या तुला सांगायला फोन हातात घेतलासुद्धा! मग आठवलं.

आपल्या घाटकोपरच्या घरातलं घड्याळ तू कायम दहा मिनिटं पुढे ठेवायचीस. मी भांडायचे, "सगळ्यांना माहीतच आहे, तर फायदा काय गं?" तू म्हणायचीस, "चुकीचं असू दे. किती चुकीचं ते माहीत असलं की बास!"

आमचं उंची दाखवणारं यंत्रही तसंच निघालं, आई. ते हवेच्या दाबावरून उंची सांगतं. कडाक्याच्या थंडीत हवा आक्रसते आणि ते असते त्यापेक्षा जास्त उंची दाखवतं. आपण खाली, आकडा वर! म्हणून तक्ता बघून, उतरताना राखायच्या उंचीत तेवढे फूट आधीच वाढवून घ्यायचे.

काल सोबतची को-पायलट मुलुंडची. उतरायची तयारी झाली. खाली ढग, ढगात डोंगर. मी विचारलं, "थंडीचे किती वाढवलेस गं?" तिचा चेहराच पडला. "मॅडम, राहिलंच. मुंबईत कधी लागतच नाही ना!"

खरंच आहे, आपल्याकडे स्वेटर कपाटातून निघेपर्यंत थंडी संपते. मी ओरडले नाही. दोघींनी तक्ता काढला, फूट वाढवले आणि झकास उतरलो. 

घरी वेगळीच वाट लागली. तू गेल्यावर दादाने सेल बदलताना घड्याळ मोबाइलशी जुळवलं आणि कुणाला सांगितलंच नाही. तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बाबा घड्याळाकडे बघून म्हणाले, "दहा मिनिटं आहेत अजून." विहारात पोचलो तर वंदना सुरू झालेली! स्वतःच्या बायकोच्या कार्यक्रमाला उशीर! काय बोलली असतीस त्यांना!

एक विचारू? घड्याळाचं शिकवलंस, पण तुझं स्वतःचं काय? दुखणं वाढत होतं तेव्हाही फोनवर रोज, "मी मस्त आहे, तू तुझी विमानं बघ." त्यातून किती वजा करायचं ते का नाही सांगितलंस? मी ते तसंच्या तसं धरून चालले. राग येतो मला तुझा. अजून येतो.

आता बाबांचं तेच. मी अंधेरीच्या माझ्या घरून फोन केला की, "मी बरा आहे." परवा दादा म्हणाला, संध्याकाळचं ताट ते तसंच परत पाठवतात.

म्हणून आज घरी आले. स्टुलावर चढून आधी घड्याळ दहा मिनिटं पुढे केलं. बाबा खाली स्टूल धरून उभे होते. म्हणाले, "आता बरोबर झालं."

आई, शब्द देते. बाबा "बरा आहे" म्हणाले की फोन ठेवायचा आणि घाटकोपर गाठायचं. त्यांच्यासमोर बसून जेवायचं, त्यांचं ताट रिकामं होईपर्यंत.

तुझ्यावर रागावलेली,
तुझीच सोनू