सकाळची सही दुपारच्या सहीशी जुळत नसल्याबाबत

प्रति,
मा. वितरण अधिकारी,
दीर्घ आजार औषध वितरण कक्ष,
तळमजला, खिडकी क्रमांक चार.

विषय: संधिवाताचे इंजेक्शन अर्जदारास आजार असतानाच मिळावे, बरा झाल्यावर नव्हे.

संदर्भ: 'सही जुळत नाही' अशा शेऱ्याच्या आपल्या कार्यालयाच्या तीन चिठ्ठ्या.

महोदय,

१. अर्जदार गेली बावीस वर्षे मनगटी घड्याळे दुरुस्त करते. चार वर्षांपासून तिला संधिवात आहे. वयाने येणारा नव्हे, तर शरीर आपल्याच सांध्यांवर उलटते तो. सकाळी तिची बोटे सुजून लाकडासारखी ताठ होतात आणि दिवस चढेल तशी सुटतात. दर पंधरवड्याच्या इंजेक्शनाने हा ताठरपणा सकाळी आठपर्यंत आटोपत असे. आपली खिडकी आठ ते दहा उघडी असते. सारे कसे छान चालले होते.

२. त्यानंतर एका पंधरवड्यास आपल्याकडे साठा नव्हता. आजाराला ही अडचण कोणी कळवली नसावी, कारण तो थांबला नाही. पुढच्या खेपेस अर्जदाराने नोंदवहीत सही केली, ती नमुन्याशी जुळेना. नमुना नोंदणीच्या दिवशी दुपारी तीन वाजता घेतलेला आहे. सही जुळेना म्हणून इंजेक्शन नाही, इंजेक्शन नाही म्हणून सही जुळेना. असे तीनदा झाले. आता बोटे सुटायला दुपारचे दोन वाजतात.

३. अर्जदाराने नवऱ्यास पाठवले. त्याच्याकडे अधिकारपत्र मागितले गेले, त्यावर अर्जदाराची जुळणारी सही हवी, तीही सकाळी खिडकीसमोरच केलेली. नवा नमुना देऊ केला, तर त्या विनंतीवर तिथेच केलेली जुनी सही हवी. अंगठा पुढे केला, तर तो निरक्षरांसाठीच, आणि अर्जदाराने नोंदणीच्या वेळी शिक्षण दहावी असे लिहून बसण्याची चूक केलेली. शिकलेले विसरण्याची काही सोय आपल्याकडे असल्यास कृपया कळवावे.

४. खिडकीवरील कारकून अत्यंत कर्तव्यदक्ष आहेत. तिसरी चिठ्ठी देताना ते म्हणाले, "ताई, ही सही तुमची आहे असं मी कशावरून मानू?" आणि लगेच पुढे, "बरं, माझं घड्याळ झालं का?" त्यांचे घड्याळ गेल्या महिन्यापासून अर्जदाराच्या दुकानात आहे. घड्याळ टाकताना त्यांनी अर्जदारास बरोबर ओळखले होते.

५. इंजेक्शन कारकुनांच्या पाठीमागील काचेच्या फ्रीजमध्ये आहे. त्यावर अर्जदाराचे नाव आहे, आणि रांगेतून ते स्वच्छ वाचता येते. आपल्या फ्रीजबद्दल तिची काहीही तक्रार नाही.

६. डॉक्टर म्हणतात, सूज उतरते, पण एकदा झिजलेला सांधा परत येत नाही. उजव्या हाताचे मधले बोट आता दुपारीही पुरते मिटत नाही. महोदय, अर्जदारास फार भीती वाटते. दुसरे कुठले काम तिला येत नाही, आणि शिकावेसेही वाटत नाही.

७. सबब विनंती की खिडकी एक दिवस, एकदाच, दुपारी अडीच वाजता उघडावी. ते अशक्य असल्यास आपण स्वतः सकाळी आठला खिडकीवर येऊन अर्जदाराचा हात पाहावा. पाहण्यासाठी नमुना लागत नाही.

हा अर्ज दुपारी लिहिला आहे. परंतु तो सकाळी, खिडकीसमोर सही करूनच स्वीकारला जातो. तेव्हा खालील सही ओळखू न आल्यास ती अर्जदाराचीच आहे असे समजावे.

आपली, दुपारी दोननंतर ओळखू येणारी,

(सही)
अर्जदार, घड्याळ दुरुस्ती
सोमवार, सकाळी साडेआठ

सोबत:
१) अर्जदाराच्या आठ सह्या, एकाच दिवशीच्या, सकाळी सात ते दुपारी दोन, दर तासाला एक.
२) डॉक्टरांची चिठ्ठी.
३) आपल्या कारकुनांचे घड्याळ, डबीत, सुटे केलेले. उघडले तेव्हा चिमटा धरता येत होता, जुळवताना धरवला नाही. ते त्यांना द्यावे. सही घेण्याची गरज नाही, अर्जदार त्यांना ओळखते.