काळ्या गाडीचा वारस

मी, लोकांच्या गाड्यांना पॉलिश करून पोट भरलेला आणि पुढे पोट सुटेपर्यंत कमावलेला, धंद्यात ‘कानसेन’ म्हणून ओळखला जाणारा, डोकं ठिकाणावर असताना आणि दडपण आणायला घरात दुसरं कोणीच नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझी स्मरणशक्ती उत्तम असल्याचं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. जरा कमी असती तर बरं झालं असतं.

कलम १. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक मुलीला. ती दूर असते. फोनवर “बाबा, जेवलात ना?” विचारते, मी “हो” म्हणतो, आणि दोघांनाही त्यावर विश्वास ठेवणं सोयीचं जातं. घर विकलं तरी माझी हरकत नाही. घर म्हटलं की भांड्याला भांडं लागतंच म्हणतात. तिची आई गेल्यापासून इथे एकच ताट निघतं, ते लागणार कशाला?

कलम २. दुकान, मशीन आणि सगळं सामान माझ्या दोन्ही कारागिरांना सामाईक. एक अट: जमिनीवर पडलेलं फडकं काळ्या गाडीला लावायचं नाही. झटकून नाही, धुऊनही नाही. ते टायरचं झालं. फडक्यात अडकलेला एक कण पांढऱ्या रंगावर खपून जातो. काळ्यावर ऊन पडलं की कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे चमकतात.

कलम ३. पुतण्याला माझं मनगटी घड्याळ. वाट बघण्यात तो तरबेज आहे. फोनवर आधी “काका, काळ्या गाडीचं काय ठरवलंत?” आणि मग “तब्येत कशी आहे?” हा क्रम माझ्या कानांनी टिपला आहे. स्वतःची गाडी तो त्या गरगरणाऱ्या ब्रशांच्या मशीनमध्ये घालतो. म्हणजे आरसा काथ्याने घासायचा. म्हणून काळी गाडी त्याला नाही.

कलम ४. काळी गाडी. ही मूळची एका कंत्राटदाराची. तेव्हा दुकानात काम करणारे मी आणि माझा भागीदार, दोघंच; कंत्राटदार शेजारीच उभा. भागीदार गाडी पुसत होता, माझी तिच्याकडे पाठ होती, पण फडक्याखाली कण आला की बारीक किर्र होतं, ते मी ऐकलं.

“पडलेलं उचललंस,” मी म्हणालो.

“झटकलं होतं रे!”

“काळ्याला झटकलेलं चालत नाही.”

“गिऱ्हाइकासमोर बोलतोस? मग बस तुझ्या काळीला घेऊन!”

त्याने बादली उचलली, रस्ता ओलांडला आणि समोरच दुकान थाटलं. तेव्हापासून तो ‘समोरचा’. आमचं बोलणं तिथे संपलं. पुढे कंत्राटदाराने गाडी विकायला काढली, ती मी घेतली.

तो ओरखडा मी केव्हाच घालवला. पण संध्याकाळी करायला काही नसलं की माणूस येतं तेच करतो. मी पॉलिश करत राहिलो. पॉलिश म्हणजे रंग चढवणं नव्हे. दर वेळी वरचा थर जरासा खरवडून सपाट करणं. अति केलं की माती. आता बॉनेटच्या कडेला थर इतका पातळ आहे की आणखी एकदा मशीन फिरलं तर खालचं करडं अस्तर वर येईल. तिला आता हात आवरणारा माणूस हवा: भरपूर पाणी, सावली, मऊ फडकं, वर हलकं मेण, बस.

असा हात गावात एकच आहे. समोरच्याचं मशीन मी रोज ऐकतो. कड आली की त्याचा आवाज खाली येतो, घाई नाही. सबब काळी गाडी समोरच्याला.

कलम ५. इथवर लिहून वकिलांकडे गेलो. दोन साक्षीदार लागतात. एक डॉक्टर. दुसरा कोण? मला पूर्वीपासून ओळखणारा आणि अजून हयात असलेला. बराच विचार करून म्हणालो, “समोरचा.”

वकील म्हणाले, “काका, ज्याला काही मिळणार त्याची साक्ष घेऊ नये. त्याला दिलेलं बाद होतं. एक काय ते ठरवा: त्याला गाडी द्या, नाहीतर त्याची सही घ्या.”

गाडी दिली तर तो माझ्या दारात येईल, पण तेव्हा मी नसेन. सहीसाठी बोलावलं तर मी असताना येईल. गाडी जपायची, की बोलायला माणूस? मी काल रस्ता ओलांडला.

“सही हवी आहे,” मी म्हणालो.

मशीन बंद केलं त्याने. “कशावर?”

“मृत्युपत्रावर.”

“कोणाच्या?”

“माझ्याच. दुसऱ्याचं घेऊन फिरेन का?”

“बरं नाही का तुला?”

“बरा आहे. म्हणून तर आलो.”

त्याने हात पुसले. “उद्या येतो,” म्हणाला.

कलम ६. सबब कलम ४ मध्ये समोरच्याला दिलेली गाडी रद्द. ती पुतण्याला, कलम ३ मध्ये नाही म्हटलं असलं तरी. ब्रशाखाली घालील. घालू दे. ते ऐकायला मी नसेन.

माझ्यासमोर दोन्ही साक्षीदारांनी आणि त्यांच्यासमोर मी, असं एकत्र बसून सही केली.

सही: कानसेन

साक्षीदार पहिला: डॉक्टर

साक्षीदार दुसरा: समोरचा

स्थळ: माझ्या घराची पुढची खोली

दिनांक: वकिलांच्या शिक्क्यावर आहे तो

नोंद: सही झाल्यावर कलम ४ आणि ६ वाचून दुसरा साक्षीदार म्हणाला, “म्हणजे माझी झालेली गाडी गेली?” मी म्हणालो, “गेली.” तो म्हणाला, “तसं आधी बोलला असतास तर सही करताना मागेपुढे पाहिलं असतं.” डॉक्टर निघून गेले. वकील म्हणाले, काम झालं, आता साक्षीदारांनी थांबायची गरज नाही. हे लिहीपर्यंत दुसरा साक्षीदार उठलेला नाही.